वाफेचे छोटे इंजिन : आराखडा कुठून मिळवाल, सुटे भाग कसे जमवाल

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यक्रमाकडे एका श्रोत्याचं पत्र आलं आहे. ते लिहितात : "माझा थोरला मुलगा आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेत आहे. वाफेचे इंजिन स्वतः बनवून विहिरीवरचा पंप चालवायचा, असे त्याच्या मनाने घेतले आहे. दरवर्षी पऱ्हाट्या बांधावर जाळतोच, त्या भट्टीत घालू म्हणतो. बॉयलरसाठी दोनशे लिटरचे तेलाचे पिंप आणून ठेवले आहे. वेल्डरशी बोलणे झाले आहे. तरी इंजिनाचे नकाशे व सामान कोठे मिळेल ते कळवावे."

पोरगा हुशार दिसतो. त्याला नाउमेद करायचं माझ्या मनात नाही. इंजिन त्यानं जरूर करावं, आणि ते कसं करायचं हे मी आज सांगणार आहे. पण पिंपाला मात्र हात लावू नये. हे आधीच सांगतो, कारण वेल्डर उद्या सकाळी दारात आला तर माझं पुढचं भाषण काय कामाचं?

इंजिन आणि बॉयलर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बॉयलरमध्ये वाफ तयार होते आणि दाबून धरली जाते. इंजिन त्या वाफेकडून काम करून घेतं. इंजिन बिघडलं तर थांबतं, फार तर बोट चेमटतं. बॉयलर बिघडला तर घर राहत नाही.

पिंपाचा हिशोब करून बघा. दोनशे लिटरच्या पिंपाचं झाकण सुमारे ५७ सेंटिमीटर व्यासाचं असतं. त्याचं क्षेत्रफळ झालं साधारण २,५५० चौरस सेंटिमीटर. आपण 'एक किलो दाब' म्हणतो तो दर चौरस सेंटिमीटरवर असतो. म्हणजे नुसता एक किलो दाब झाला तरी त्या झाकणाला आतून अडीच टनांचा रेटा बसतो. झाकणाचा पत्रा जाडीला सव्वा मिलिमीटरच्या आसपास, कडेला नुसता दुमडलेला. पंप चालवायचा म्हणजे पाच किलो तरी दाब हवा. तेव्हा रेटा होतो पावणेतेरा टन. भरलेली मालमोटार त्या पत्र्यावर उभी करण्यासारखं आहे ते. वेल्डरनं वरून दोन पट्ट्या मारल्या म्हणून पत्रा जाड होत नाही.

आणि दाब हा निम्माच धोका. साध्या चुलीवर पाणी १०० अंशांना उकळतं. पाच किलो दाबाखाली तेच पाणी सुमारे १५९ अंशांपर्यंत तापतं आणि तरीही पाणीच राहतं, कारण दाबानं त्याला कोंडून धरलेलं असतं. पत्रा फाटला की दाब क्षणात जातो आणि त्यातलं दहा-अकरा टक्के पाणी त्याच क्षणी वाफ होतं. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. पिंपात शंभर लिटर पाणी असेल तर एका लहान खोलीएवढी वाफ डोळ्याची पापणी लवायच्या आत तयार होते. तिला थांबायला वेळ नसतो. ती भिंत, भट्टी आणि माणूस यांना घेऊनच जाते.

"आम्ही लक्ष ठेवून राहू" असं कुणी म्हणेल. अमेरिकेत ओहायो राज्यात मेदिना इथं २९ जुलै २००१ रोजी कृषी जत्रेच्या मैदानावर वाफेचा एक जुना ट्रॅक्टर फुटला. ते शेतीचंच इंजिन होतं, नामांकित कारखान्यात बनलेलं, आणि चालवणाऱ्यांना वाफेची माहिती होती. बॉयलरमधलं पाणी उतरलं होतं, भट्टीवरचा पत्रा वर्षानुवर्षांच्या गंजानं पातळ झाला होता. पाच माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. आपल्याकडे १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली, म्हणून पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. १९२३ साली साऱ्या देशासाठी कायदा आला आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी संसदेनं नवा बॉयलर कायदा केला. त्यामागे फुटलेल्या बॉयलरांचा अनुभव आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं, किंवा एक किलोपेक्षा कमी दाबाचं भांडं कायद्याच्या व्याख्येत 'बॉयलर' ठरत नाही. त्यावरचा बॉयलर मान्य कारखान्यातच बनलेला हवा, त्याची नोंदणी हवी, ठरल्या वेळी तपासणी हवी आणि चालवणाऱ्याकडे दाखला हवा. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालयाकडे आहे. दोनशे लिटरचं पिंप वेल्डरकडून शिवून घेणं कोणत्याच कलमात बसत नाही. आणि मुलगा चौकस आहे म्हणून हेही सांगतो. वीस लिटरचं भांडं कायद्याबाहेर असलं तरी ते पाच किलो दाबाला फुटायचं राहत नाही. वाफ कायदा वाचत नाही.

आता पंपाचं बघू. समजा सगळं शास्त्रशुद्ध केलं, तपासलेला बॉयलर विकत आणला. मग पऱ्हाट्यांवर पंप परवडेल का?

दोन इंची, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर व्यासाचं सिलिंडर धरा. दट्ट्याची धाव तेवढीच, वाफ दोन्ही बाजूंनी ढकलणारी, मिनिटाला ४०० फेरे आणि दट्ट्यावर सरासरी तीन किलो दाब. त्यातून ताकद निघते साधारण अर्धा अश्वशक्ती. पाच अश्वशक्तीचा पंप चालवायचा तर इंजिन कितीतरी मोठं लागेल. अशा साध्या इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला २५ किलो वाफ धरून चाला. म्हणजे पाचाला १२५ किलो. भट्टी बऱ्यापैकी असली तर एक किलो वाळक्या पऱ्हाट्यांतून तीन किलो वाफ निघते. हिशोब झाला तासाला चाळीस किलोंच्या वर पऱ्हाट्या, आठ तासांच्या भरण्याला सव्वातीनशे किलो. एकरी एक टन पऱ्हाट्या धरल्या तर एका एकराचा ढीग तीन दिवसांत संपतो. शिवाय त्या तोडायच्या, वाहायच्या, आणि एक माणूस दिवसभर भट्टीपाशी पाण्याच्या काचेवर नजर ठेवून बसवायचा. तेवढ्याच कामाला डिझेल इंजिन तासाला लिटर-सव्वालिटर तेल पितं.

मग साखर कारखाने चिपाडावर वाफ करतात ती कशी परवडते? त्यांचे बॉयलर प्रचंड दाबाचे, वाफ टर्बाइनमधून जाते आणि तिथून निघालेली वाफ पुन्हा रस आटवायला वापरतात. वाफेचा कण कण कामी येतो. आपल्या छोट्या इंजिनातून ती आकाशात जाते. जळणातल्या शंभर भागांपैकी दोन-तीन भागच पंपापर्यंत पोचतात. तेव्हा विहिरीवरचा पंप हा विषय सोडून द्या.

तरीही इंजिन करावं असं मी म्हणतो, कारण फिटरच्या पोराला याच्यापेक्षा चांगला धडा नाही. कातकाम, भोक पाडणं, पृष्ठभाग घासून सपाट करणं, जुळणी, सगळं त्यात येतं. आणि पहिलं वाफेचं इंजिन करायची गरजच नाही, ते हवेवर चालतं. दाबाची हवा आणि वाफ दट्ट्याला सारखीच ढकलते. हवा आपल्या गावात पंक्चरवाल्याकडे मिळते.

आता नकाशांकडे वळतो. या छंदाचं मूळ इंग्लंडात. तिथं १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक सुरू केलं, आणि लहान इंजिनांचे आराखडे पिढ्यान्‌पिढ्या त्यातून येत गेले. त्याच देशात स्टुअर्ट टर्नर या नावानं इंजिनांच्या ओतीव भागांचे संच निघाले. 'टेन-व्ही' नावाचं त्यांचं उभं इंजिन प्रसिद्ध आहे. पाऊण इंच व्यास, पाऊण इंच धाव, टेबलावर मावणारं. संचात कच्चे ओतीव भाग आणि नकाशा येतो, कातकाम आपण करायचं. पण परदेशातून संच मागवायचा म्हणजे टपाल आणि सीमाशुल्क मिळून खर्च फार होतो. आपल्याला तो रस्ता नको.

आपल्याला हवेत ओतकाम न लागणारे आराखडे, म्हणजे नुसत्या सळी-पट्टीतून कातून होणारी इंजिनं. अमेरिकेतल्या एल्मर व्हर्बर्ग या गृहस्थांनी अशी कितीतरी इंजिनं आखली. ते आराखडे इंटरनेटवर फुकट मिळतात. मुलाच्या मोबाइलवर निघतील, आयटीआयजवळच्या दुकानात छापून घ्यावेत.

परदेशी नकाशा वाचताना तीन ठिकाणी फसगत होते. पहिली मापांची : एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि आपल्या मिस्त्रीचं एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. दुसरी बाजूंची : जुन्या इंग्रजी नकाशात उजव्या बाजूचं दृश्य डावीकडे काढतात, अमेरिकी नकाशात उजवीकडेच काढतात. हे न बघता कातलं तर भाग आरशातल्यासारखा उलटा होतो. मी स्वतः एकदा असा उलटा भाग करून बसलो आहे, पितळ वाया गेलं. तिसरी आट्यांची : इंग्रजी नकाशात 'बीए' आटे असतात, त्यांचे स्क्रू तालुक्याला मिळायचे नाहीत. २ बीएच्या जागी ५ मिलिमीटर, ४ बीएच्या जागी ४ मिलिमीटर आणि ६ बीएच्या जागी ३ मिलिमीटरचा स्क्रू घ्या. भोकही त्याच मापाचं करा.

पहिलं इंजिन कोणतं करावं? डुलत्या सिलिंडरचं. त्याला वेगळी झडप नसते. सिलिंडर एका खिळीवर डुलतं, आणि डुलता डुलता स्वतःच्या भोकानं आत येणारी वाट आणि बाहेर जाणारी वाट आळीपाळीनं उघडतं. मापं सांगतो, मुलाला लिहून घ्यायला सांगा. सगळी मिलिमीटरमध्ये आहेत.

सिलिंडरचा आतला व्यास १६. दट्ट्याची धाव २४, म्हणजे भुजेची खिळी आसाच्या मध्यापासून १२ वर. सिलिंडरची डुलण्याची खिळी आसाच्या मध्यापासून ७२ वर, सरळ रेषेत. डुलण्याच्या खिळीच्या मध्यापासून सिलिंडरचं पोट आसाच्या उलट बाजूला २६ आणि आसाच्या बाजूला २०, मिळून ४६. उलट बाजूचं तोंड झाकणानं बंद. दट्ट्या १६ लांब. दट्ट्याच्या माथ्यापासून भुजेच्या खिळीच्या मध्यापर्यंत ८२.

वाफेचं भोक सिलिंडरच्या बाजूला, डुलण्याच्या खिळीपासून २४ वर, बंद टोकाकडे. समोरच्या उभ्या पट्टीवर खिळीपासून तेवढ्याच अंतरावर दोन भोकं, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४-४ वर. एक हवा आत येण्याचं, दुसरं बाहेर जाण्याचं. तिन्ही भोकं ३.५ची. चारची केलीत तर मधल्या जागेवर कडा कडांना भिडतात, जराशी चूक झाली की आत आलेली हवा सरळ बाहेर पळते आणि इंजिन नुसतं फुसफुसतं. नवशिक्यांची निम्मी इंजिनं याच पायी चालत नाहीत. भोक साडेतीनचंच ठेवा. आणि डुलण्याची खिळी सिलिंडरच्या भिंतीतच बसवा, तिचं भोक आतल्या पोकळीत उतरू देऊ नका.

सामान सारं भंगारात मिळतं. पंप दुरुस्तीच्या दुकानात गनमेटलचे झिजलेले बुश पडलेले असतात, त्यात जाड भिंतीचा एखादा मिळाला तर सिलिंडर त्यातून होईल. बुशाला एका बाजूनं पितळी तुकडा चांदीच्या डागानं जोडून तोंड सपाट करून घ्या. साधा कल्हईचा डाग चालणार नाही, पुढेमागे वाफ लागली तर त्या तापात तो कमजोर पडतो. दट्ट्या पितळी किंवा लोखंडी सळीतून, अंगावर दोन बारीक खाचा तेल धरायला. आसासाठी जुन्या प्रिंटरमधल्या दांड्या बघा, अशा सरळ आणि गुळगुळीत दांड्या बाजारात पैसे देऊन मिळत नाहीत. गतिचक्राला शिलाई मशीनचं हातचाक छान. उभ्या पट्टीला पितळी तुकडा. सिलिंडर पट्टीला चिकटून राहावं म्हणून खिळीमागे एक स्प्रिंग.

सिलिंडरचं आणि पट्टीचं जे तोंड एकमेकांवर घासतं ते आरशासारखं सपाट लागतं. त्याला यंत्र नको. खिडकीची जाड काच घ्या, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर अंथरा, दोन थेंब तेल टाका आणि आठचा आकडा काढत तोंड घासा. एक संध्याकाळ जाईल. घाई करून कानस मारू नका. कानशीनं मध्ये उंचवटा राहतो.

सिलिंडर आतून कातणं आणि १६च्या रीमरनं साफ करणं एवढं लेथचं काम. आयटीआयच्या कार्यशाळेत निदेशकांना विचारून करता येईल. इंजिन मोठं करायचं मनात आलंच तर ओतकाम लागेल. त्यासाठी कोल्हापूरकडच्या ओतशाळा आहेत. लाकडी साचा मात्र मापापेक्षा शंभराला एक मोठा ठेवायचा, कारण बीड थंड होताना तेवढं आकसतं. कातायला वर तीन-तीन मिलिमीटर सोडायचे.

जुळणी झाली की तेल द्या, हातानं चाक फिरवा. कुठं अडकत असेल तर तिथंच थांबा आणि सोडवा. हवेनं जोर लावून अडकलेलं इंजिन फिरवू नये. मग जीपची स्टेपनी घ्या, टायरसकट, दीड-दोन किलो हवा भरलेली. नुसत्या ट्यूबमध्ये दाब धरायला जाऊ नका. जुन्या पायपंपाची नळी कापून तिचं तोंड स्टेपनीला लावलं की वॉल्व्हची पिन दाबली जाऊन हवा बाहेर येते. मध्ये एक लहान कॉक बसवा, दुसरं टोक इंजिनाला. कॉक हळूहळू उघडा आणि चाकाला बोटानं एक झटका द्या. सगळं जमलं असेल तर इंजिन टकटक करत पाच मिनिटं तरी फिरेल. उलटं फिरलं तर काही बिघडलं नाही, नळी दुसऱ्या भोकाला लावा.

वाफेवरच बघायचं असेल तर? घरातला कुकर घेऊन त्याची शिट्टी काढायची आणि तिथं नळी जोडायची, ही कल्पना बहुतेक पोरांना सुचते. असं करू नका. कुकरचा जीव त्या शिट्टीत असतो. जास्तीचा दाब तिथून जातो. तीच वाट तुम्ही इंजिनाला जोडलीत आणि इंजिन अडलं तर दाब जाणार कुठं? फक्त सेफ्टी प्लग उरतो, आणि तो जुना, कडक झालेला असतो. ज्याला वाफच हवी त्यानं आयटीआयच्या निदेशकांना घेऊन साखर कारखान्याची परवानगी काढावी आणि गळिताच्या हंगामात बॉयलर बघून यावा. पाण्याची काच, दाबाचा काटा, सेफ्टी व्हॉल्व्ह, पाणी भरायचा पंप, प्रत्येक वस्तू तिथं का आहे हे बॉयलर अटेंडंटला विचारावं. त्यांना विचारलेलं आवडतं.

नवा बॉयलर आधी दीडपट दाबाला थंड पाण्यानं भरून तपासतात, हेही तिथं समजेल. थंड पाणीच का? पत्रा फाटला तर पाणी गळतं, उडत नाही. पिंपाची अशी चाचणी करून बघतो म्हणाल तर तीही नको. दोन-तीन किलोंतच पिंपाची कड उघडेल, हे न करताच सांगतो.

राहिलं ते दारातलं पिंप. ते आडवं चिरून गुरांसाठी पाण्याच्या दोन डोण्या होतील. पण तिथंही सावध. रिकाम्या तेलाच्या पिंपात तेलाची वाफ राहिलेली असते, आणि अशा पिंपाला गॅस किंवा वेल्डिंग लावलं की ते बॉम्बसारखं फुटतं. आधी सोडा घातलेल्या गरम पाण्यानं दोन-तीनदा खळखळून धुवा. मग टोपण उघडं ठेवून चिरायच्या रेषेखालपर्यंत पाणी भरा, आणि छिन्नी-हातोड्यानं चिरा. वेल्डरला त्या दिवशी बोलावूच नका. कडा घासून बोथट करायला विसरू नका, गुरांच्या नाकाला लागतात.

रामराम.